पाचवी तार

आमच्या सरांना ‘किती वाजले’ असं विचारण्याची चूक माणूस आयुष्यात एकदाच करायचा. माझी ती पहिल्याच दिवशी झाली. कॉम्प्युटर लॅबमध्ये रुजू व्हायला गेलो होतो, हातात नेमणुकीचा कागद होता, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “सर, किती वाजले असतील?”

मान वर न करता ते म्हणाले, “असतील म्हंजे काय? दहा वाजून अकरा मिन्टं चौदा सेकंद. तुझं बोलणं संपंस्तोवर सोळा.”

मग माझं नाव विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, “नाव काय माझ्या ध्यानात राह्यचं न्हाई. तू असिस्टंट ना? बस मंग.” पुढची पावणेतीन वर्षं मी असिस्टंटच होतो. प्राचार्यांना ते तोंडावर ‘प्राचार्य’ म्हणत आणि शिपायाला ‘शिपाई’. त्यांच्या लेखी दोघांत फरक एवढाच होता की शिपाई वेळेवर यायचा.

त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की ऐकणारे हसायच्या तयारीनं पुढे सरकतात. गमती आहेत, सांगतोही. पण या माणसानं माझी नोकरी घालवली. कायम व्हायला तीन महिने उरले असताना घालवली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसणाऱ्याची नंतर फसगत व्हायला नको. त्यांना अहोजाहो करायची माझी आता इच्छा नाही, पण लिहिताना हात वळत नाही. एवढं त्यांनी मला शिकवलं होतं.

कॉलेज राजूरच्या अलीकडे, केदारखेड्याच्या रस्त्याला. एका संस्थेची तीन मजली इमारत, चारी बाजूंनी मका आणि सोयाबीन. मी जाफराबादहून बसनं यायचो. सर राजूरला एका खोलीत एकटे राहत आणि चालत येत. बायको पुण्याला मुलीकडे असे. दर रविवारी ते तिला नऊच्या ठोक्याला फोन लावत आणि तीन मिनिटं झाली की बोलणं कुठंही असो, ठेवून देत. बाई भांडून गेली असं स्टाफ म्हणायचा. मला वाटतं भांडायला तिला तीन मिनिटं पुरली नसतील.

हातात घड्याळ ते घालत नसत. “हातातलं घड्याळ म्हंजे खिशातली अफवा,” म्हणत. टेबलावर एक जुना रेडिओ होता, बातम्यांच्या आधी त्यावर टूं टूं वाजतं तेवढंच ऐकायचे. शेवटचा टूं झाला की रेडिओ बंद, पुढचा वेळ ते मनातल्या मनात मोजायचे. बातम्यांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

एका सव्वीस जानेवारीला माइक आणि राष्ट्रगीत लावायचं काम त्यांच्याकडे होतं. प्रमुख पाहुणे म्हणून संस्थेच्या सचिवांचे व्याही आलेले, फेटा वगैरे बांधून. पत्रिकेत ध्वजवंदन आठ वाजता लिहिलेलं. पाहुण्यांनी दोरी हातात घेतली तेव्हा आठला चाळीस सेकंद कमी होते. सर माइकवरून म्हणाले, “पाव्हणे, थांबा. ओढू नका. अजून आठ वाजले न्हाईत.”

पाहुणे दोरी धरून उभे. सचिव डोळे वटारून बघताहेत. सर कुणाकडेच बघत नव्हते. “तीस,” ते माइकवर म्हणाले. “ईस.” दहाच्या पुढे सगळ्या पोरांनी एका सुरात उलटं मोजायला सुरुवात केली आणि शून्याला झेंडा फडकला तेव्हा मैदानावर शिट्ट्या पडल्या. सचिव हे कधी विसरले नाहीत. तेव्हापासून ते सरांना ‘टायमिंग मास्तर’ म्हणायला लागले आणि लॅबचा कुठलाही कागद त्यांच्या टेबलावर आठ-आठ दिवस पडून राहायला लागला.

दुसरी गोष्ट केदारखेड्याच्या लग्नाची. आमच्या शिपायाच्या मुलीचं लग्न, पत्रिकेवर मुहूर्त बारा वाजून एकतीस मिनिटांचा. आपल्याकडे मुहूर्त म्हणजे पाहुण्यांनी घरून निघायची वेळ, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सर सव्वाबारालाच मांडवात. बारा एकतीसला नवरदेव अजून मारुतीच्या देवळापाशी नाचणाऱ्या पोरांत अडकलेला, नवरी आत साडी नेसतेय, आणि आचारी कढईत भजी सोडतोय. सर उठले, ताटातल्या अक्षता मूठभर घेतल्या, रिकाम्या स्टेजवर टाकल्या, शिपायाच्या हातात आहेराचं पाकीट दिलं आणि म्हणाले, “झालं बरं का लगीन. आता मागून काय करायचं ते करा.” न जेवता निघून आले. शिपाई पुढे कितीतरी दिवस सांगायचा, माझ्या पोरीवर बराबर मुहूर्तावर अक्षता पडल्या त्या एका माणसाच्या. सांगताना त्याचे डोळे भरायचे, हसून की कशानं ते त्याचं त्याला माहीत.

आता घड्याळाचं सांगतो.

आमच्या कॉलेजची हजेरी अंगठ्याच्या मशीनवर. कायम असलेली माणसं मस्टरवरही सही करायची, आम्हा कंत्राटी लोकांचा फक्त अंगठा. कॉलेज दहाला. मशीनला वेळ ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून मिळायची, आणि ते कॉम्प्युटर सहा मिनिटं मागं होतं. कधीपासून, ते कुणालाच सांगता आलं नसतं. जाफराबादची बस फाट्यावर टेकायची दहा वाजून तीन मिनिटांनी. फाट्यापासून पळत मशीनपर्यंत एक मिनिट. अंगठा लावला की मशीन म्हणायची नऊ अठ्ठावन्न. एस.टी.नं येणारे आम्ही अकरा जण होतो. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल एक शब्द बोलायचं नाही. ते कॉम्प्युटर पुसायचं असलं तरी झाडलोट करणारी बाई बटणांना हात लागू न देता पुसायची. ज्या कुणा भल्या माणसाच्या हातून ते मागं राहिलं त्याच्या नावानं आम्ही रोज मनातल्या मनात नारळ फोडायचो.

सरांना हे माहीत होतं. रोज सकाळी ते ऑफिसात डोकावत आणि आपल्या वहीत लिहून ठेवत, सहा मिनिटं दोन सेकंद मागे, सहा मिनिटं चार सेकंद मागे. वर्षानुवर्षांच्या वह्या होत्या. मी एकदा घाबरत विचारलं, “सर, ते दुरुस्त कामून न्हाई करत?”

“माझ्याकडं खरं घड्याळ पायजे आधी,” ते म्हणाले. “त्याच्याशिवाय दुसऱ्याच्या घड्याळाला खोटं म्हणायचा मला काय हक्क हाये?”

मला वाटलं, सुटलो. खरं घड्याळ कुठून येतंय आमच्या माळावर? नेटवरून वेळ घेता येते, पण आमच्याकडं नेट आलं तर आलं. मग एक दिवस सर जालन्याच्या भंगार बाजारातून एक डबी घेऊन आले. ट्रक कुठं आहे हे कळायला त्यात एक सॅटेलाइटचं यंत्र बसवतात, त्या जुन्या ट्रकमधून काढलेलं. “असिस्टंट,” म्हणाले, “आपल्याकडं टाइम आला.”

त्यांनी मला समजावून सांगितलं ते मी आजही कुणालाही सांगू शकतो. यंत्र दोन गोष्टी पाठवतं. एक ठोका, प्रत्येक सेकंद जिथं सुरू होतो बरोबर तिथं. आणि दुसरं, आकड्यांत तारीख आणि वेळ. ठोका कधी चुकत नाही. पण ठोका फक्त ‘आत्ता’ म्हणतो. कुठल्या दिवसाचा, कुठल्या वर्षाचा आत्ता, हे त्याला माहीत नसतं, ते आकड्यांवरून घ्यावं लागतं. हा ठोका कॉम्प्युटरला ताबडतोब कळवायचा तर त्याला जुना नऊ पिनांचा सिरियल पोर्ट लागतो. यूएसबीतून पाठवला तर वाटेत रेंगाळतो. आणि आमच्या एकाही कॉम्प्युटरला मागच्या बाजूला तसला पोर्ट नव्हता.

सरांनी एका मशीनचं झाकण उघडलं, बॅटरी तोंडात धरली आणि मदरबोर्डाच्या कडेला दोन ओळींत उभ्या नऊ पिना दाखवल्या. दहावीची जागा रिकामी. “पोर्ट आत हाये. कंपनीनं दिल्ता, फकस्त बाहेर काढला न्हाई. आपुन काढू.”

दिवाळीच्या सुट्टीत बायकोची बोलणी खाऊन मी चार दिवस लॅबमध्ये गेलो. जालन्याहून केबल आणली होती, एका टोकाला बोर्डावर बसायचा जोड, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा पोर्ट. गच्चीवरच्या टाकीवर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात अँटेना ठेवला, वायर खिडकीतून आत घेतली, सगळं जोडलं. ठोका येईना. सरांनी यंत्र बदलून पाहिलं, अँटेना हलवला, सोल्डरिंगचे डाग पुन्हा दिले. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “सर, केबलच्या तारा तर मोजू.” मल्टिमीटर घेतला. ते बोर्डाच्या पुस्तिकेवर बोट ठेवून नंबर सांगत, मी दोन टोकांना काड्या लावत होतो. जुळलं तर मीटर वाजतो. पहिली वाजली. पाचवी वाजली नाही.

“पाचवी वाजली न्हाई सर.”

“पुन्हा लाव.”

“लावली. न्हाई वाजत.”

त्यांनी केबल हातात घेतली आणि डोळ्यांपाशी नेली. या केबली दोन जातींच्या असतात. बाहेरून अगदी सारख्या, आतला तारांचा क्रम निराळा. दुकानदारालाही फरक माहीत नसतो. “पाचवी जमिनीची तार, अर्थिंगची,” सर म्हणाले. “ठोका पहिलीवरून येतो. पन पाचवी न्हाई तर बाकीच्या आठ असून नसल्यावानी. वरची तार सगळे बघतेत, जमिनीची कुणी बघत न्हाई. तू बघितली.” पावणेतीन वर्षांत त्यांनी केलेली माझी ही एवढीच स्तुती. बोर्डाकडच्या जोडातल्या तारा उपटून मी त्या नव्या क्रमानं बसवल्या. चौथ्या दिवशी दुपारी पडद्यावर सेकंदामागे सेकंद एक ओळ उमटायला लागली आणि सर खुर्चीत मागं रेलून डोळे मिटून बसले. मी खूश होतो. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा ठेवला आणि वर दोघांत एक कप चहा वाटून घेतला.

सुट्टी संपली त्या सकाळी सरांनी कॉलेजची सगळी कॉम्प्युटरं त्या घड्याळाला जोडली. अंगठ्याची मशीनही. मी फाट्यावरून पळत आलो, अंगठा लावला. दहा वाजून चार मिनिटं. मागं दहा जण धापा टाकत उभे. गेटवरचे सलीमभाई, तेही कंत्राटीच, मशीनकडे बघत म्हणाले, “साब ने घडी को सुधारे. अब हमकू कौन सुधारता क्या मालूम.”

एस.टी. काही सुधारली नाही. काळीपिवळी जीप लवकर मिळते म्हणून मी सातला घरातून निघायला लागलो, तर जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरते आठ वाजता. तीन लेट म्हणजे एक गैरहजेरी. वर्षात बारा गैरहजेऱ्या झाल्या की सेवेत खंड, आणि खंड पडला की तीन वर्षांची मोजणी पुन्हा एकपासून. सलग तीन वर्षं झाली तर कायम करतात, हा संस्थेचा नियम. त्यावर माझं सगळं घर टांगलेलं होतं. बायकोनं शिलाई मशीन विकून मला डिप्लोमा करू दिला होता, कायम झालात की पहिल्यांदा मशीन, एवढंच ती म्हणायची.

मी सरांना एकदाच बोललो. “सर, ते घड्याळ पाच मिन्टं मागं ठिवता न्हाई का येणार? कुणाचं काय जातं?”

त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना कळलंच नाही. “मागं ठेवायचं म्हंजे?” ते खरोखर विचार करत म्हणाले. “मंग ते घड्याळ कशाचं?”

फेब्रुवारी संपता संपता माझ्या अकरा गैरहजेऱ्या झाल्या होत्या. त्यानंतर मी एकही लेट होऊ दिला नाही. कधी दुधाच्या गाडीवर बसून आलो, कधी अर्ध्या वाटेवर उतरून पळालो. आणि मार्चमध्ये अंगारकी आली.

अंगारकीला राजूरच्या गणपतीला काय गर्दी असते ते पाहिलेल्यालाच माहीत. रस्ता पहाटेपासून तुंबतो, बस चार-चार किलोमीटर मागं उभी राहते. मी आदल्या दिवशीच सरांना म्हटलं, “आज तुमच्याकडं राह्यतो.” ते म्हणाले, “राह्य की.” खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि वह्यांच्या चळती. त्यांनी मला खाट दिली आणि स्वतः सतरंजीवर झोपले. सकाळी पिठलं-भाकरी करून वाढली. नारळ, दूर्वा, पेढे असं सगळं हातात घेऊन चाललेल्या माणसांतून आम्ही उलट दिशेनं चालत कॉलेजला आलो, सर पुढं, मी मागं. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. त्यांनी मशीनला अंगठा लावला, मग मी लावला. सर मशीनवरचे आकडे बघून म्हणाले, “नऊ बावन्न चौदा.” खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.

मशीनवर फक्त वेळ दिसते, तारीख दिसत नाही.

पहाटे लाइट गेली होती. लॅबमधलं ते घड्याळाचं कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झालं होतं आणि सुरू होताना त्यानं तारीख घेतली ती भंगारातल्या यंत्राकडून. दुपारी सरांनी मला हाक मारली. त्यांचा चेहरा फुललेला होता.

“बघ काय झालं! ह्याला आठवडे हजार चोवीसपरेंतच मोजता येतेत. त्याच्या म्होरं पुन्हा शून्य. गडी पार ईस वर्सं मागं गेला!”

मला आधी समजेना. “सर, म्हंजे आजची हजेरी?”

“ती ईस वर्सांमागच्या तारखेला लागली.” आणि मग, मी आयुष्यात कधी विसरणार नाही असं, “पन सेकंद बघ. सेकंद बिलकुल बराबर हाये.”

कायम लोकांच्या मस्टरवर सह्या होत्या. सलीमभाईंची आणि बाकीच्या कंत्राटी लोकांची एक रजा गेली. माझी ती बारावी गैरहजेरी होती. मी सचिवांकडे गेलो. त्यांनी कागद पाहिला आणि हसले. “मशीन तर म्हणती, कॉलेज बांधायच्या आधीच तुम्ही कामाला आल्ते.” त्यांच्या मेहुण्याचा मुलगा नुकताच डिप्लोमा होऊन घरी बसला होता, हे मला माहीत होतं. तरी ते म्हणाले, “बरं, सरांचं लेखी आणा. मशीनची तारीख चुकली, तुम्ही हजर होते, एवढं लिहून आणा. मी सही करतो. माझी काय दुश्मनी हाये का तुमच्याशी?”

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. सर लगेच लिहायला बसले. ते थोडे थबकले तेव्हा मीच म्हणालो, “सर, जे खरं हाये ते लिव्हा. दुसरं काही नको.” या वाक्यासाठी मी स्वतःला किती वेळा शिव्या घातल्या असतील याची नोंद मात्र कुठल्याही वहीत नाही.

दोन तास लिहीत होते. जुन्या वह्या काढल्या, आकडे जुळवले. मला वाटलं, माणूस जीव ओतून राह्यला माझ्यासाठी. पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं. मी ते उघडलं नाही. सरांवर अविश्वास दाखवायचं काही कारण नव्हतं.

सचिवांनी मला समोर उभं करून ते मोठ्यानं वाचलं. पहिल्या परिच्छेदात सगळं होतं. तारीख कशी चुकली, ती चूक माझ्या यंत्राची, असिस्टंट नऊ बावन्न चौदाला हजर होता, मी शेजारी उभा होतो. माझे खांदे सैल झाले. मग सचिव थांबले, चश्मा नीट केला आणि पुढचं सावकाश वाचायला लागले. ‘तथापि नोंदी दुरुस्त करायच्या तर सर्वच केल्या पाहिजेत. माझे घड्याळ बसण्यापूर्वी हजेरीची मशीन सहा मिनिटे मागे होती. त्या काळात लागलेल्या वेळांत सहा मिनिटे मिळवावीत. यादी सोबत जोडली आहे.’

यादीत बारा नावं होती. म्हणजे नावं नव्हतीच, हुद्दे होते. पहिला स्वतःचा, तीन लेट, त्यातला एक नऊ सेकंदांचा. शेवटचा असिस्टंट. घड्याळ बसण्याआधीचे माझे जवळजवळ सगळे दिवस.

“टायमिंग मास्तर ते टायमिंग मास्तरच,” सचिव म्हणाले. कागदाची घडी घातली. “ह्याच्याच हिशेबानं तुमच्या सेवेत पहिल्याच वर्षी खंड पडला. मी काय करू? लेखी तुम्हीच आणलं.” यादीतल्या दुसऱ्या कुणाला कधी कुणी काही विचारलं नाही. ती यादी फक्त माझ्यापुरती खरी ठरली.

मी लॅबमध्ये गेलो. माझा आवाज चढला असावा, पोरं बाहेर जाऊन उभी राहिली. “सर, हे काय लिव्हलं तुमी?”

“जे व्हतं ते.”

“म्या फकस्त आजचं मागितल्तं!”

“एक दिवस दुरुस्त करायचा अन् बाकीचे चुकीचे ठिवायचे? असं कसं जमंल?” त्यांच्या चेहऱ्यावर कपट असतं तर मी त्या दिवशी हात उचलला असता. नव्हतं. “तू म्हनला ना, खरं लिव्हा.”

“सर, माझी नोकरी गेली.”

ते पडद्याकडे बघत होते. तिथं सेकंदामागे सेकंद ओळ उमटत होती. म्हणाले, “कधी सांगितलं त्यांनी? टाइम बघितला का?”

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमच्या सरांना खोटं बोलता येत न्हाई, कबूल. गप बसता बी येत न्हाई का?”

मी आता जाफराबादला बसस्टँडसमोर मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. शिलाई मशीन दुकानाच्या मागच्या भागात आहे, जुनीच घेतली. भिंतीवर घड्याळ आहे. ते मी मुद्दाम सहा मिनिटं मागं ठेवलेलं आहे. दुकानात बसलेला माणूस ते बघून उठतो आणि त्याची बस चुकते, असं दोन-तीनदा झालं तेव्हा बायको म्हणाली, पुरे करा. मी केलं नाही. सरांचं घड्याळ संस्थेनं कधीच भंगारात काढलं असं ऐकलं होतं. आता फायबर आलं, नेटवरून वेळ येते. ऐकून मला बरं वाटलं होतं.

गेल्या महिन्यात ते दुकानात आले. रिटायर होऊन दोन वर्षं झालेली. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. हातात पिशवी. भिंतीकडे तोंड करून पहिलं वाक्य, “सहा मिन्टं मागं हाये.” एवढं मात्र त्यांना दिसलं.

“माहीत हाये,” मी म्हणालो.

पिशवीतून त्यांनी तो मदरबोर्ड काढला, ती केबल काढली. भंगारवाल्याकडून परत विकत आणलं होतं, राजूरच्या खोलीत बसवत होते. “चार दिस झाले. ठोका येत न्हाई. मला आता तारा दिसत न्हाईत. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई, म्हणून तुझ्याकडं आलो.” मग आठवल्यासारखं करून एक जुनी वही उघडली आणि माझ्यापुढे धरली. अंगारकीची तारीख, आणि पुढे, ‘असिस्टंट, ०९:५२:१४, हजर’. “ही बघ. नोंद हाये. कुणी इचारलं तर दावता यील.”

मला वाटलं, आता बोलतील. त्या दिवसाबद्दल एखादं तरी वाक्य. मी वाट पाहिली. त्यांनी वही मिटली आणि दुसरी, नवी उघडली. “चल. पहिली?”

माझ्या मीटरचा बझर कधीचा गेला आहे, फक्त आकडा दिसतो. आकडा त्यांना दिसत नव्हता. मी काड्या लावत गेलो, सांगत गेलो. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. ते मोठ्या अक्षरांत लिहीत होते, वहीला नाक लावून. पाचवीला मी काडी टेकवली. मीटरवर काहीच आलं नाही. पुन्हा टेकवली. बोर्डाकडच्या जोडापाशी तार तुटली होती, मीच उपटून बसवलेली ती. एका डागाचं काम होतं. डाग द्यायची इस्त्री तापलेलीच होती समोर.

“पाचवी?” ते म्हणाले.

“बरोबर.”

“जमिनीची हाये ती. नीट बघ.”

“बघितली सर. बरोबर हाये.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पाच, बरोबर, असं लिहिलं. नवव्या तारेनंतर खाली रेघ मारली आणि रेघेखाली लिहिलं, ‘असिस्टंटने तपासले’. मग सामान पिशवीत भरलं. “म्हंजे केबल चांगली हाये,” स्वतःशीच म्हणाले. “चूक माझीच कुठंतरी असंल.” आणि समोर स्टँडवर जाऊन राजूरच्या गाडीत खिडकीशी बसले.

गाडी सुटायला अजून सात-आठ मिनिटं होती. दुकानातून ते मला दिसत होते. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. मी एक मोबाइल खोलला, पुन्हा बंद केला. गाडी गेली.

आयुष्यभर या माणसानं कुणाच्या सांगण्यावरून घड्याळ लावलं नाही. त्यांच्या साऱ्या वह्यांत आता एकच नोंद खोटी आहे, आणि तिच्याखाली तपासणारा म्हणून मी आहे.